बोलण्यावरून गाव कळतं, देश कळतो का? आश्रयार्थींच्या ‘मूळ कुठले’ तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेच्या डब्यात समोरचा माणूस ‘काय करून राहिला बाप्पा’ म्हणाला की आपण मनातल्या मनात त्याला नागपूर-अमरावतीकडे पाठवून देतो. बहुतेक वेळा बरोबरही असतो. चुकलो तरी बिघडत काही नाही. युरोपात मात्र हाच खेळ सरकारी पातळीवर, टेलिफोन आणि रेकॉर्डिंग लावून चालतो, आणि तिथे चुकलं तर एखाद्याचं आयुष्य वर्षानुवर्षं लटकतं. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न आणि जमेल तितकी सरळ उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या तिबेटींची घेतली आहेत. त्या गोष्टीत भारत मधोमध उभा आहे, हे त्याचं कारण.

माणूस संकटात आहे की नाही ते बघायचं सोडून ‘तू कुठला’ हे का विचारत बसतात?

कारण कायद्याची रचनाच तशी आहे. १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि त्याचा १९६७ चा पूरक करार यांत धोका मोजायचा तो माणसाच्या स्वतःच्या देशातला. देशच नसेल, तर तो नेहमी राहत होता त्या ठिकाणचा. म्हणजे देश ठरल्याशिवाय पुढचा विचार सुरूच होत नाही. सिरियातल्या दमास्कसचा माणूस आणि सीमेपलीकडच्या लेबनॉनमधला माणूस दिसायला, बोलायला, खायला-प्यायला खूप सारखे. पण २०१५ साली जर्मनीत एकाला संरक्षण जवळजवळ नक्की होतं, दुसऱ्याला नव्हतं.

पासपोर्ट दाखवला की झालं ना?

असता तर झालंच असतं. काहींच्या देशाने तो कधी दिलेलाच नसतो. २०१२ पासून तिबेट स्वायत्त प्रदेशातल्या सामान्य माणसाला चीनचा पासपोर्ट मिळणं जवळपास बंद आहे. काहींचा दलालाने काढून घेतलेला असतो. काहींनी, खरं सांगायचं तर, मुद्दाम फेकून दिलेला असतो. सोमालियात १९९१ नंतर कित्येक वर्षं जगाने मान्य करावेत असे कागद देणारं सरकारच नव्हतं.

मग पुरावा कोणी द्यायचा?

सुरुवात अर्जदाराने करायची. पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांची १९७९ ची मार्गदर्शक पुस्तिका सांगते की सत्य शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि अधिकारी या दोघांची आहे. अर्जदाराने जमेल ते सगळं सांगितलं, त्याची हकीकत एकसंध असली, आणि तरीही थोडी शंका उरली, तर त्या शंकेचा फायदा त्याला द्यावा. स्विस कायद्यातली कसोटीही ‘सिद्ध करा’ अशी नाही, ‘पटण्याजोगं मांडा’ अशी आहे. फौजदारी खटल्यातलं ‘संशयातीत’ इथे लागू नाही. आता कोणाला काय पटतं, हे समोरच्या खुर्चीत कोण बसलंय त्यावरही अवलंबून असतं.

भाषेची तपासणी म्हणजे नेमकं काय करतात?

ही पद्धत १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये रुजली. स्वित्झर्लंडने १९९७ साली त्यासाठी ‘लिंग्वा’ नावाचा स्वतंत्र विभागच काढला. अर्जदाराला एका खोलीत बसवून फोन लावून देतात. पलीकडे त्या भाषेचा जाणकार असतो. तो नाव सांगत नाही. बराच वेळ गप्पा चालतात, त्या रेकॉर्ड होतात. घर कसं होतं, शेतात काय पिकायचं, बाजार कुठे, सणाला काय करता, असे प्रश्न असतात.

नंतर जाणकार ते रेकॉर्डिंग दोन कानांनी ऐकतो. एक कान बोलीवर: उच्चार, हेल, क्रियापदांची रूपं, उसने शब्द. दुसरा कान माहितीवर: हा माणूस सांगतोय त्या भागात खरंच राहिलेला दिसतो का? शेवटी अहवाल येतो की अर्जदार अमुक प्रदेशात वाढलेला ‘निश्चित आहे’, ‘बहुधा आहे’ किंवा ‘नाही’.

‘वाढलेला’ हा शब्द लक्षात ठेवा. ‘जन्मलेला’ नाही, ‘नागरिक’ही नाही. सगळा घोळ त्याच फटीत आहे.

तिबेटींच्या बाबतीत एवढं अवघड काय आहे?

स्वित्झर्लंड आणि तिबेटी हे नातं जुनं आहे. १९६० च्या दशकात त्या देशाने सुमारे हजार तिबेटींना बोलावून घेतलं. झुरिचजवळच्या रिकोन गावात तव्या-भांड्यांच्या कारखान्यात त्यांना कामं मिळाली, तिथेच बौद्ध मठही उभा राहिला. आता परिस्थिती वेगळी आहे. थेट तिबेटमधून पळून आलेल्याला संरक्षण मिळण्याची शक्यता चांगली असते, कारण चोरून सीमा ओलांडलेल्याला चीन परतल्यावर काय करील याचा अंदाज सगळ्यांनाच आहे. भारतात किंवा नेपाळमध्ये वाढलेल्या तिबेट्याला मात्र ‘तिकडेच परत जा’ म्हणतात. त्यामुळे प्रश्न एकच उरतो: तू तिबेटमधल्या ल्हासाकडचा की भारतातल्या धरमशालेचा?

बोलीत फरक आहेतच. तिबेटी ही काही एक भाषा नाही. मध्य तिबेटची उ-त्सांग, पूर्वेची खाम आणि ईशान्येची आमदो या बोली एकमेकींना सहज कळतातच असं नाही. निर्वासित वसाहतींमध्ये या सगळ्यांचं मिश्रण होऊन एक मधली तिबेटी तयार झाली. तिच्यात हिंदी आणि इंग्रजी शब्द मिसळले. तिबेटमध्ये राहिलेल्यांच्या बोलण्यात चिनी शब्द आले: मोबाईलला ‘शोउजी’, टीव्हीला ‘द्येनशी’. जाणकार नेमका हाच माग काढतो.

आता ही गोष्ट बघा. १९९० च्या दशकात खाममधल्या एका घराने आपला सहा वर्षांचा मुलगा दलालाबरोबर हिमालय ओलांडून पाठवला, दलाई लामांच्या जवळ शिकेल म्हणून. अशी हजारो मुलं आली. तो धरमशालेच्या वसतिगृहात वाढला. त्याची तिबेटी तिथली, हिंदी अस्खलित, क्रिकेट पक्कं, चिनी शून्य. पंचविसाव्या वर्षी तो झुरिचला पोचला. लिंग्वाचा अहवाल म्हणेल, ‘भारतात वाढलेला’. भाषेपुरतं हे शंभर टक्के खरं. पण जन्माने तो चीनचाच नागरिक आहे. भारताकडून त्याला फार तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालेलं असणार, आणि ते पुन्हा मिळेलच याची खात्री नाही. (हा मुलगा मी उदाहरणासाठी उभा केला आहे. असा प्रवास केलेली माणसं मात्र खरी आहेत.)

उलट बाजूही आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तिथे जन्मून वाढलेल्या मुलीने स्वित्झर्लंडमध्ये ‘मी तिबेटमधल्या शिगात्सेची’ म्हटलं, तर तिचे उच्चार तिला दहा मिनिटांत उघडं पाडतील. पद्धत अगदीच टाकाऊ नाही, ती अशी.

म्हणजे खोटं बोलणारे असतात तर!

असतात, अर्थातच. दाराला एकच फट असेल तर माणसं त्या फटीच्या आकाराची गोष्ट सांगतात. यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

पण खोटं पकडण्याच्या यंत्रणेवर फार विश्वास असेल तर जर्मन सैन्यातल्या एका लेफ्टनंटचं प्रकरण बघा. पक्का जर्मन. त्याने दमास्कसचा ख्रिस्ती फळविक्या म्हणून आश्रयाचा अर्ज केला. अरबी यथातथाच, मुलाखत फ्रेंचमध्ये दिली आणि २०१६ च्या अखेरीस त्याला संरक्षण मिळालंसुद्धा! व्हिएन्ना विमानतळावर लपवलेल्या पिस्तुलाच्या भानगडीत त्याच्या बोटांचे ठसे घेतले गेले, म्हणून बिंग फुटलं. तो हल्ल्याच्या तयारीत होता असं न्यायालयाने पुढे मानलं, आणि २०२२ मध्ये त्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच काळात खरे सिरियन ‘तुमची बोली जरा इराकी वाटते’ असं ऐकून घेत होते.

हा पलीकडचा जाणकार कोण असतो?

इथे देशागणिक फरक आहे. स्विस पद्धतीत भाषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेली माणसं घेण्यावर भर आहे. त्यांचं नाव गुप्त राहतं, पण शिक्षण आणि अनुभवाची माहिती अर्जदाराला मिळते आणि निष्कर्षावर त्याला म्हणणं मांडता येतं. ब्रिटनने बरीच वर्षं एका स्वीडिश कंपनीकडून अहवाल घेतले. तिथे ती भाषा जन्मापासून बोलणारा विश्लेषक ऐकतो आणि एक भाषाशास्त्रज्ञ त्यावर देखरेख करतो. देखरेख करणाऱ्याला ती विशिष्ट भाषा येत असेलच असं नाही.

यावर २०१४ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दोन अर्जदारांनी आपण सोमालियाच्या किनाऱ्याकडच्या बेनादिरी या अल्पसंख्य समाजाचे असल्याचं सांगितलं होतं. अहवालाने त्यांचं बोलणं त्या भागातलं नसल्याचं ठरवलं होतं. न्यायालयाने अहवाल केराच्या टोपलीत टाकले नाहीत, विश्लेषकाचं नाव गुप्त ठेवायलाही हरकत घेतली नाही. पण अशा अहवालांना सरसकट मोठं वजन द्यायला नकार दिला. विश्लेषकाचं ज्ञान कशावर आधारलेलं आहे हे दिसलं पाहिजे, आणि भाषेच्या तज्ज्ञाने ‘याला आपल्या भागाची माहिती नाही’ असे शेरे मारायचे असतील तर त्या विषयातला अधिकारही दाखवला पाहिजे, असं बजावलं. सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

नेदरलँड्समध्ये अर्जदाराला स्वतःचा तज्ज्ञ उभा करून उलट अहवाल देता येतो. माझ्या मते पद्धतीतला सर्वांत प्रामाणिक भाग हाच. अडचण एवढीच की तज्ज्ञाची फी कुठून आणायची?

भाषाशास्त्रज्ञांना हे पटतं का?

अर्धवट. २००४ साली वेगवेगळ्या देशांतल्या १९ भाषाशास्त्रज्ञांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. त्यांचा गाभा असा: भाषेवरून राष्ट्रीयत्व किंवा नागरिकत्व विश्वासाने सांगता येत नाही. माणूस कोणत्या समाजात घडला, एवढं काही वेळा सांगता येतं. आणि ते काम शिकलेल्या भाषाशास्त्रज्ञानेच करावं. नुसती भाषा येते म्हणून कोणीही करू नये.

मराठी माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. तंजावरचा मराठी माणूस तीनशे वर्षं घरात मराठी बोलतोय. त्याच्या मराठीवरून तो कोल्हापूरचा ठरवणं हास्यास्पद, आणि त्याला तमिळ येतं म्हणून तो मराठी नाही म्हणणंही तितकंच. बेळगावातल्या एकाच गल्लीत मराठी आणि कानडी दोन्ही कानावर पडतात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएलींच्या घरात कोकणातली मराठी अजून ऐकू येते. त्यांचा देश कोणता, हे त्यांच्या उच्चारांना विचारून काय कळणार?

पूर्व आफ्रिकेच्या टोकाला, ‘आफ्रिकेचं शिंग’ म्हणतात त्या भागात, तर हे रोजचं आहे. तिग्रिन्या भाषा इरिट्रियातही बोलतात आणि इथिओपियाच्या तिग्राय प्रांतातही. त्यात इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, वाढलेले कित्येक इरिट्रियन तिथली अम्हारिक भाषाच बोलत. १९९८ मध्ये दोन देशांचं युद्ध पेटल्यावर इथिओपियाने अशा हजारो लोकांना ‘तुम्ही इरिट्रियाचे’ म्हणून हाकलून दिलं. पुढे त्यांच्यापैकी कोणी युरोपात पोचला की त्याचं बोलणं ऐकून सांगतात, ‘तुम्ही इथिओपियाचे’.

गावाबद्दलचे प्रश्न तरी न्याय्य असतील ना? स्वतःचं गाव कोणाला माहीत नसतं?

प्रश्न कोणाच्या डोक्यातून आला आहे, त्यावर आहे. ‘तुमचा जिल्हा कुठल्या प्रांतात? शेजारच्या तालुक्यांची नावं? ओळखपत्र कुठल्या कार्यालयात मिळतं?’ हे नकाशा बघून काढलेले प्रश्न आहेत. गावाबाहेर न पडलेल्या बाईला त्यांची उत्तरं येणार नाहीत. ती कधी शाळेत गेलेली नसेल तर चिनी शब्दही बेताचेच येणार. पण याकचं दूध कधी आटतं, सत्तूच्या पिठासाठी सातू कुठे भाजून आणायचं, पाणी किती लांबून आणावं लागायचं, हे ती झोपेतही सांगेल.

गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या आजीबाईंना ‘तुमचा लोकसभा मतदारसंघ कोणता’ विचारा, आणि मग ‘तालुक्याला जायला एसटीचं तिकीट किती’ विचारा. पहिल्यावरून त्या परदेशी ठरतील.

यात एक क्रूर गंमतही आहे. खूप माहिती असली तरी संशय येतो. पाठ केल्यासारखं सांगतोय, म्हणतात.

तारखा आणि वयं चुकतात, त्याचं काय?

आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. माझ्या आजीला तर तारीखच नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात अमकी एवढी होती, तमकी तेव्हा पोटात होती, असा सगळा हिशोब चाले. युरोपातल्या नोंदींमध्ये असंख्य अफगाण आणि सोमाली लोकांचा जन्म १ जानेवारीला झालेला आहे, तो याच न्यायाने. त्यात इथिओपियाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, अफगाणांचं वर्ष मार्चमध्ये सुरू होणारं, तिबेटींचं चांद्र. दुभाष्याने डोक्यातल्या डोक्यात रूपांतर केलं आणि एक वर्ष इकडचं तिकडे झालं, तर फाइलमध्ये ‘विसंगती’ अशी नोंद होते.

आठवणीचंही तसंच. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात कोसोवो आणि बोस्नियातल्या निर्वासितांना त्याच घटनेबद्दल काही काळाच्या अंतराने दोनदा विचारलं गेलं. त्यांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटं बोलून मिळवायचं काही नव्हतं. तरी दोन सांगण्यांत फरक पडलेच. आघाताचा त्रास जास्त असलेल्यांच्या बाबतीत, मधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले.

अनुभवी अधिकाऱ्याला चेहरा बघून कळत नाही का?

नाही. खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये घेतला गेला. माणसं सरासरी शंभरात ५४ वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तर ५०.

दुभाष्यामुळे निकाल बदलू शकतो?

बदलतो, आणि याची चर्चा फार कमी होते. आमदोच्या मेंढपाळाला ल्हासाकडचा दुभाषी दिला, तर तो बिचारा समोरच्याला कळावं म्हणून त्याच्यासारखं बोलू लागतो. पुण्याच्या कार्यालयात शिरताच मालवणी माणूसही आपली बोली खिशात घालतोच की! मग रेकॉर्डिंगमध्ये आमदो उरतच नाही आणि अहवाल येतो, ‘सांगितलेल्या प्रदेशाची वैशिष्ट्यं आढळली नाहीत’. म्हणून फोनवरच्या जाणकाराने सुरुवातीलाच ‘घरी बोलता तसंच बोला’ असं स्पष्ट सांगणं गरजेचं असतं.

डीएनए, मोबाईल, संगणक यांनी सुटणार नाही का हा प्रश्न?

२००९ मध्ये ब्रिटनच्या सीमा यंत्रणेने सोमाली म्हणवणाऱ्यांच्या तोंडातले नमुने घेऊन डीएनए, आणि केस-नखांतली समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, जे अन्नपाण्यातून शरीरात येतात) तपासायचा प्रयोग सुरू केला. शास्त्रज्ञांनीच डोक्याला हात लावला. सोमालिया आणि केनिया यांच्यामधली रेघ जनुकांना कशी दिसणार? नखं तर गेल्या काही महिन्यांतल्या अन्नपाण्याचीच साक्ष देणार. प्रयोग पुढे गुंडाळला गेला.

जर्मनीने २०१७ पासून दोन गोष्टी आणल्या. एक, अरबी बोली ओळखणारं सॉफ्टवेअर. अर्जदार एखाद्या चित्राचं वर्णन करतो आणि यंत्र वेगवेगळ्या बोलींची टक्केवारी काढून देतं. अधिकाऱ्याने तो फक्त एक धागा समजायचा, पण कागदावर छापलेल्या टक्केवारीचा दबदबा कोणाला माहीत नाही? दुसरं, कागदपत्रं नसतील तर मोबाईल उघडून कुठे फोन केले, कुठल्या भाषेत लिहिलं ते बघायचं. एका अफगाण महिलेने याविरुद्ध दाद मागितली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला की सौम्य मार्ग शिल्लक असताना सरसकट फोन उघडणं बेकायदेशीर आहे.

तपासणीत ‘नापास’ झालं तर पुढे काय होतं?

स्वित्झर्लंडमधल्या तिबेटींचं जे होतं ते ऐका. तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयानेही २०१४ च्या मे महिन्यातच ठरवलं की स्वतःचं खरं ठिकाण लपवणाऱ्या तिबेटीच्या बाबतीत, तो आधी जिथे राहत होता तिथे परतायला काही अडचण नाही असं गृहीत धरावं. त्याच निकालात चीनला मात्र पाठवू नये असंही म्हटलं. आता भारत किंवा नेपाळ त्याला परत घेणार कसा, त्याच्याकडे तिथलाही कागद नसताना? त्यामुळे आश्रय नाही, परतही पाठवता येत नाही. काम करायची परवानगी नाही, आणि हातात रोजच्या जगण्यापुरती तातडीची मदत. अशी शेकडो माणसं वर्षानुवर्षं तिथे आहेत, आणि त्यांची मुलं एव्हाना स्विस जर्मन बोलतात.

भारतात असं काही चालतं का?

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने त्या माणसावरच टाकली होती, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही ती त्याच्यावरच आहे. ‘शंकेचा फायदा’ वगैरे इथे नाही.

पण कानाने देश ओळखण्याची हौस आपल्यालाही आहे. ‘जोल’ म्हणतो तो इकडचा बंगाली, ‘पानी’ म्हणतो तो बांगलादेशी, हे मुंबईत सर्रास ऐकू येतं. हे साफ चूक आहे. पश्चिम बंगालमधले मुसलमानही घरात ‘पानी’च म्हणतात. त्या शब्दावरून फार तर बोलणाऱ्याचा धर्म कळेल, देश नाही. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादची बोली पद्मा नदीच्या पलीकडच्या, बांगलादेशातल्या राजशाहीला जवळची आहे, कारण १९४७ पर्यंत मध्ये सीमा नव्हतीच. २०२५ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकललं गेलं आणि त्यांच्या राज्य सरकारने धावाधाव केल्यावर परत आणावं लागलं.

मी युरोपात हिंदी-उर्दूची दुभाषी आहे. मुलाखत संपल्यावर अधिकारी हळूच विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं, हा खरंच तिथला आहे?’ काय उत्तर देऊ?

‘हे माझं काम नाही’, एवढंच. तुम्हाला नेमलंय ते शब्द इकडून तिकडे पोचवायला. तुमचा अंदाज कुठे रेकॉर्ड होत नाही, अर्जदाराला तो कळत नाही, त्याच्या वकिलाला त्यावर बोलता येत नाही, पण अधिकाऱ्याच्या डोक्यात तो बसून राहतो. शंका खरंच असेल तर रीतसर भाषा-विश्लेषण मागवा, असं सांगा. आणि अर्जदार तुमच्या उच्चारांकडे झुकून बोलतोय असं जाणवलं, तर तेवढं मात्र मुलाखत चालू असतानाच, सगळ्यांसमोर, नोंद होईल अशा आवाजात सांगा.